रंगवलेली सकवारबाई

बसवनगुडी, बेंगळूर
१३ फेब्रुवारी १९९६

प्रिय मैत्रेयी,

रविवार, ११ फेब्रुवारी १९९६ रोजी सायंकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी, आपल्या समाजाच्या हॉलमध्ये, शंभर माणसांसमोर तुझ्या सकूआत्याच्या गळ्यात मंगळसूत्र घालण्यात आलं. तेव्हा तिला जाऊन चौदा दिवस झाले होते.

अध्यक्ष नरसिंहरावांनी फोटोवरचं कापड ओढलं आणि आतून एक बाई निघाली. हिरवी काठापदराची साडी, कपाळभर कुंकू, गळ्यात दोन वाट्या. मागे तुळशीवृंदावन. खाली सोनेरी अक्षरांत ‘श्रीमती सकवारबाई मोहिते’. सकू पासष्ट वर्षं कुमारी राहिली. लग्न कधी झालं, कोणाशी झालं, आम्हांला निदान पत्रिका तरी पाठवायची होती.

चामराजपेटेतल्या कृष्णमूर्तींच्या स्टुडिओत मेलेल्या माणसांच्या फोटोला हात फिरवून देतात, हे मला माहीत आहे. पुरुषाला कोट, बाईला शालू आणि दागिने. तुझ्या आजोबांना त्यांनी असाच कोट घातला होता, ज्यांनी जन्मात कोट घातला नव्हता. पण कोट निराळा आणि नवरा निराळा.

तो मूळ फोटो कोणता, ते मी लगेच ओळखलं. तो काढला तेव्हा मी फोटोवाल्याच्या शेजारी उभी होते. सत्तावन्न साल, गावाबाहेरची महायुद्धाच्या काळातली विमानांची धावपट्टी. शर्यत जिंकून सकू गाडीतून उतरली आणि तिने डोळ्यांवरचा मोठा चष्मा कपाळावर सारला. तोंडभर लाल धूळ, आणि डोळ्यांभोवती दोन स्वच्छ वर्तुळं. रंगाऱ्याने गाडी पुसली, पँट झाकली, केस चापून बसवले. ती वर्तुळं कशाची ते त्याला कळलं नसावं, म्हणून ती तशीच राहिली. माझ्यामागे एक बाई दुसरीला सांगत होती, “अय्यो, आजारात डोळे कसे खोल गेले बघ!”

मग नरसिंहरावांचं भाषण. प्रेमळ आत्या. चिरोटे करण्यात त्यांचा हात कोणी धरत नसे. (सकू ऑम्लेटसुद्धा जाळायची.) आणि शेवटी, “त्यांना वाहनाचीही आवड होती.” पुरुषांनी भरलेल्या शर्यतीत उतरून पहिली आलेली बाई, जिने पुढे वीस वर्षं स्वतःची मोटार शाळा चालवली आणि निम्म्या बसवनगुडीतल्या बायकांना गाडी शिकवली, तिला वाहनाची आवड होती! सगळ्यांनी हात जोडले, फुलं वाहिली, केसरीभात खाल्ला आणि घरी गेले.

तू पुढच्या रांगेत सासूबाईंच्या शेजारी मान खाली घालून बसली होतीस. तुला काय वाटत असेल ते मला दिसत होतं. बोलायला येईपर्यंत तुम्ही उद्यान एक्स्प्रेस गाठायला निघून गेलात.

हे तुझ्या बाबांचं काम, यात मला शंका नाही. आप्पाजी लहानपणापासून बहिणीच्या पँटला लाजायचा. पण तू त्याची मुलगी आहेस आणि सकूची लाडकी. सोळाव्या वर्षी आनेकलच्या रस्त्यावर तिने तुला गाडी शिकवली. म्हणून आधी तुला विचारते. हा फोटो कोणी करवून घेतला? मी उद्या मेले की मलाही एक नवरा रंगवून देतील काय? मीही कुमारीच आहे, आणि माझ्या पसंतीचा रंग मला आधी सांगून ठेवायला हवा.

तुझी,
श्यामलाअक्का


पुणे
२० फेब्रुवारी १९९६

ती. श्यामलाअक्कांना मैत्रेयीचा सा. नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. तुम्हांला इतका त्रास झाला याचं खरंच वाईट वाटलं.

फोटोचं म्हणाल तर तेव्हा घरात फार गडबड होती. आत्याचा साडीतला धड असा एकही फोटो सापडेना. तेराव्याच्या आत फ्रेम हवी होती. स्टुडिओवाले सगळ्यांना करून देतात तसंच त्यांनी करून दिलं. अपमान करायचा कोणाचाही हेतू नव्हता, अक्का. आणि खरं सांगू का, बघणाऱ्याचं इतक्या डिटेल्सकडे लक्ष जात नाही. माझ्या सासूबाईंना तर फोटो इतका आवडला! म्हणाल्या, किती सात्त्विक चेहरा आहे.

एक विनंती आहे. बाबांना प्लीज काही बोलू नका. त्यांचं बीपी वाढलंय. आत्या गेल्यापासून ते नीट जेवतही नाहीत. फोटो हा शेवटी फोटोच असतो. आत्या आपल्या मनात जशी आहे तशीच राहणार, नाही का?

मी इथे ह्यांची मारुती चालवते. सोसायटीत गाडी चालवणारी मी एकटीच सून. सगळे विचारतात, कुठे शिकलीस? मी सांगते, बंगलोरला.

तब्येतीला जपा. इकडे कधी आलात तर आमच्याकडेच उतरायचं.

तुमची,
मैत्रेयी


बसवनगुडी, बेंगळूर
२७ फेब्रुवारी १९९६

प्रिय मैत्रेयी,

तुझ्या पत्रातलं एकच वाक्य कामाचं होतं: बाबांना काही बोलू नका. म्हणजे बोलायचं कोणाला ते कळलं. पत्र हातात पडलं त्याच संध्याकाळी मी चामराजपेटेला तुमच्या घरी गेले.

आप्पा ओसरीवर बसला होता. मी चपलाही काढल्या नाहीत.

“आप्पा, सकूच्या नवऱ्याचं नाव काय रे?”

त्याने हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं.

“मंगळसूत्र आहे म्हणजे नवरा असणार. काय करतो? बँकेत आहे का? पेन्शन बसली का त्याला?”

“अक्का, आत या. कॉफी घ्या.”

“कॉफी पाजून माझं तोंड बंद होत नाही, हे तुला पन्नास वर्षं माहीत आहे. तिच्या बक्षिसाचा पेला ह्याच घरात फुलदाणी म्हणून वापरलात. तेव्हा ती हसली, म्हणून मीही सोडून दिलं. पण मेल्यावर तिच्या गळ्यात दोरी बांधलीत! लाज वाटत होती ना तुला तिची?”

आत तुझी आई भांडी आवरत होती. ती दारात येऊन उभी राहिली.

“सरी अक्का, बरं,” तो म्हणाला. “माझंच चुकलं.”

“मग नरसिंहरावांना लिहून दे की फोटो बदला.”

“ते मात्र मला सांगू नका.”

“का?”

“नको अक्का. सही मागू नका माझ्याकडे.”

चूक कबूल, पण दुरुस्ती नको! तीस वर्षं टेलिफोन कचेरीत तक्रारी ऐकल्या, पण असा माणूस मी पाहिला नाही. मी त्याला षंढ म्हणाले. तुझ्या आईच्या देखत म्हणाले. तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगते.

तिथून नरसिंहरावांकडे. ते म्हणाले, युगादीला, वीस मार्चला, फोटो हॉलच्या भिंतीवर कायमचा लावायचा ठरला आहे. त्या भिंतीवर आजवर नुसते पुरुष आहेत, देणगीदार आणि माजी अध्यक्ष. सकू पहिली बाई. मी म्हटलं, पहिलीच बाई लावताय तर निदान खरी लावा. ते फार गोड हसले. “अक्का, फोटो कुटुंबाने दिला. बदलायचा तर कुटुंबाच्या सहीने बदलू. तुम्ही त्यांच्या कोण लागता?”

मी कोण लागते! पाचवीपासून आम्ही एका बाकावर बसलो. सिस्टर अॅग्नेसने दोघींना एकाच दिवशी वर्गाबाहेर काढलं. आणि त्या सत्तावन्न सालच्या शर्यतीला तिच्या गाडीत मी बसले होते, हे तुला सकूने कधी सांगितलं का? बायकांसाठी वेगळा खेळ ठेवला होता. शेजारी बसलेल्या बाईने चमच्यात लिंबू धरायचं आणि दुसरीने गाडी हळू, हळू चालवायची. लिंबू पडलं की बाद. चमचा माझ्या हातात होता. सकूने गाडी निशाणवाल्यापाशी नेली, माझ्या चमच्यातलं लिंबू उचललं आणि त्याच्या हातात ठेवलं. “सरबत करून ठेवा, मी आलेच.” मला उतरवलं आणि गाडी पुरुषांच्या रांगेत नेऊन लावली. ते वाद घालत होते तोवर निशाण पडलं. पुढे काय झालं ते सगळ्या गावाला माहीत होतं, आणि आता कोणालाच माहीत नाही.

भिंतीवर एकदा खिळा ठोकला की तो फोटो तिथे पन्नास वर्षं राहील. आपण सगळे मेल्यावर खरी सकू तीच ठरेल, चिरोटेवाली. म्हणून तुला लिहिते आहे. आप्पा सही देत नाही. तू कुटुंबातलीच. तू दे.

श्यामलाअक्का


पुणे
४ मार्च १९९६

ती. श्यामलाअक्का,

हे पत्र मी ऑफिसात बसून लिहिते आहे. घरी लिहिता येत नाही.

बाबांनी तुम्ही येऊन गेल्याचं मला सांगितलंच नाही. तुमच्या पत्रातून कळलं. मी फोन करून विचारलं, तर म्हणाले, “अक्का आल्या होत्या, कॉफी न घेता गेल्या.” एवढंच.

फोटो बाबांनी करवून घेतला नाही. मी करवून घेतला. स्टुडिओत मी गेले. साडी मी सांगितली, कुंकू मी सांगितलं, मंगळसूत्रही मीच. बाबांनी फ्रेम हॉलमध्ये पाहिली, तुमच्याबरोबरच.

त्र्याण्णव साली हे लोक मला बघायला आले. आत्या तेव्हा समोरच बसली होती. ती आत गेल्यावर सासूबाईंनी विचारलं, आत्यांचं लग्न का नाही झालं? मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मला कळलं की हे आता उठून जाणार. एकटी राहते, पँट घालते, शर्यतीत गाडी पळवायची, म्हणजे घरात काहीतरी असणार. मी म्हटलं, झालं होतं. मिस्टर मिलिटरीत होते. पासष्टच्या लढाईत गेले. बाबा तिथेच होते, ते काही बोलले नाहीत. मला हे स्थळ हवं होतं, अक्का. मला हे आवडले होते.

आत्याला मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. मला वाटलं, ती थोबाडीत देईल. ती म्हणाली, “नाव काय ठेवलंस गं माझ्या नवऱ्याचं?” मी म्हटलं, नाव सांगितलं नाही. “मग रणवीर ठेव. मिलिटरीत शोभेल.”

लग्नात ती तीन दिवस बिनकुंकवाची, पांढऱ्या साडीत बसली. ओट्या भरताना तिला बाजूला बसवलं. हळदीकुंकवाचं ताट तिच्यासमोरून पुढे गेलं. सासरकडच्या एका काकूंनी तिच्यासाठी डोळे पुसले. तिने तेही करू दिलं. माझ्याकडे एकदाही रागाने बघितलं नाही. मीच तिच्याकडे बघत नव्हते.

आता सासूबाई सभेला येणार म्हटल्यावर फोटो नवरा असतानाचा, म्हणजे तरुणपणाचा हवा होता. तरुणपणाचा तो एकच सापडला. मूळ फोटो माझ्याजवळ आहे. कपाटात, साड्यांच्या खाली.

तुमच्या पहिल्या पत्रात तुम्ही लिहिलंत, मला काय वाटत असेल ते तुम्हांला दिसत होतं. नाही दिसत होतं. मी भीतीने मान खाली घातली होती, तुमच्या भीतीने. नरसिंहरावांनी विचारलं ना, “श्यामलाअक्का, आपण दोन शब्द बोलणार का?” तेव्हा वाटलं, संपलं. आता ह्या उठतील आणि सगळं सांगतील. आणि अक्का, तुम्ही मान हलवलीत. नको म्हणालात. हे तुम्ही तुमच्या दोन्ही पत्रांत लिहिलेलं नाही.

माझ्याकडे सही मागू नका. तिथे ह्यांचे मित्र, नातेवाईक आहेत, आता तर सासूबाईंची मावसबहीणही बेंगळूरला राहायला आली आहे. कोणीतरी विचारेलच.

मैत्रेयी


बसवनगुडी, बेंगळूर
१० मार्च १९९६

प्रिय मैत्रेयी,

काल आपण इथे पाकिस्तानला हरवलं, त्यामुळे गल्लीत अजून फटाके चालू आहेत. खिडक्या लावून बसले आहे. तुझं पत्र चार वेळा वाचलं.

आधी आप्पा. आज सकाळी मी चामराजपेटेला गेले होते. ह्या खेपेला चपला काढल्या. तो पुन्हा ओसरीवरच होता. मी म्हटलं, “आप्पा, मी तुला जे म्हणाले, ते मागे घेते.” तो म्हणाला, “कुठलं? पुष्कळ म्हणालात.” मग म्हणाला, “स्वल्प बसा, कॉफी सांगतो.” मी बसले. तुझं नाव त्याने काढलं नाही, मीही काढलं नाही. तुझ्या आईने कॉफी आणली ती दोन्ही हातांनी दिली, आणि मला तिच्याकडे बघवेना. तुझा बाप आपल्या मुलीसाठी माझ्या शिव्या खात बसला. मी त्याला षंढ म्हणाले आणि ताठ मानेने घरी येऊन तुला ते अभिमानाने कळवलंसुद्धा.

मग सकू. मी लग्नाला आले नव्हते. पुण्याहून तुझं लग्न आटोपून आली त्या संध्याकाळी ती माझ्याकडेच आली होती. मी विचारलं, कसं झालं? “जेवण बरं होतं. भाजीत साखर घालतात.” बस. तीन वर्षं, रोज संध्याकाळी आम्ही लालबागेत फिरलो, आणि तीन दिवसांची ती पांढरी साडी तिने मला सांगितली नाही. मी काल रात्रीपासून ह्याचाच विचार करते आहे. तिने तुझ्यासाठी लपवलं असं म्हणून सुटता येत नाही. सांगितलं असतं तर मी दुसऱ्या गाडीने पुण्याला येऊन तुझ्या सासूबाईंच्या दारात उभी राहिले असते, आणि ते तिला पक्कं ठाऊक होतं. माझ्या जिभेची माणसं मजा घेतात, तीही घ्यायची. पण मनातलं सांगायला अशी जीभ कोणी निवडत नाही.

आता ती मान हलवण्याची गोष्ट. तू बरोबर पाहिलंस. नरसिंहरावांनी विचारलं आणि मी नको म्हणाले. मी मुद्दाम लिहिलं नाही. मला वाटलं, कोणाच्या लक्षात आलं नसेल. का नको म्हणाले, तेही ऐक. बोलायला शब्द नव्हते असं नाही, माझ्याजवळ ते नेहमी असतात. पण हॉलमधल्या सगळ्या बायका त्या फोटोकडे इतक्या मायेने बघत होत्या, आणि मला एकदम वाटलं, मी उठून म्हणाले की ही कुमारी होती, तर सगळ्या वळून माझ्याकडे बघतील. ही पण तसलीच. एक गेली, एक उरली. पासष्टाव्या वर्षी मला त्याची लाज वाटली. मग मी रांगेत उभी राहिले, त्या रंगवलेल्या बाईला फूल वाहिलं, आणि घरी येऊन तुला तावातावाने पत्र लिहिलं की सगळे गप्प बसले.

तेव्हा तुला शिव्या द्यायचा हक्क माझ्याकडे उरलेला नाही, आणि म्हणून ह्या पत्रात त्या नाहीत. आपण तिघांनी, आप्पा, तू आणि मी, तिची लाज बाळगली आणि तिने आपल्या तिघांना सांभाळून घेतलं.

पण भिंत अजून रिकामी आहे. मला दोन गोष्टी हव्यात. तुझ्या कपाटातला मूळ फोटो, आणि नरसिंहरावांच्या नावे तुझ्या सहीचं दोन ओळींचं पत्र: दिलेला फोटो उतरवा, हा लावा, नावामागे श्रीमती लिहू नका, खाली मोटार शर्यतीतल्या विजेत्या असं लिहा. कारण देऊ नकोस. त्यांना कारण विचारायचा अधिकार नाही, आणि विचारलं तर मी आहे.

तुझ्या सासूबाईंना मी एक अक्षर कळवणार नाही. मावसबहीण दारात आली तरी कॉफी देऊन परत पाठवीन. ते तू सांगायचं, तुला वाटेल तेव्हा. तुझ्या नवऱ्याला आधी सांग, एवढा सल्ला देते. ज्याची मारुती चालवतेस, त्याला गाडी कोणी शिकवली हे कळायला हरकत नसावी. मोडेल संसार, असं म्हणशील. मोडणार नाही हे मी लिहून देऊ शकत नाही. मी कधी संसार केलेला नाही.

तुझी सही आली नाही तरी युगादीला मी हॉलमध्ये जाणार आहे आणि नरसिंहरावांनी न विचारताही उभी राहणार आहे. नवऱ्याबद्दल, तुझ्याबद्दल काही बोलणार नाही. फक्त तिने काय जिंकलं ते सांगीन. पण मागे भिंतीवर ती हिरवी साडी असेल तर लोक माझं ऐकतील आणि तिला बघतील. म्हणून फोटो हवा.

उत्तर लेखी हवं. फोन करू नकोस. फोनवर तू रडशील, मग मी रडेन, आणि ठरणार काहीच नाही. होय असेल तर फोटो आणि पत्र कुरियरने पाठव. नाही असेल तर ‘नाही’ एवढंच लिही, पण तुझ्या अक्षरात, खाली पूर्ण नाव आणि सही करून. तेही मी सकूच्या मैत्रिणीच्या नात्याने स्वीकारीन. उत्तरच न पाठवणं मात्र चालणार नाही. गप्प बसून दाखवायचं काम ११ फेब्रुवारीला मी केलं आहे, आता ते दुसऱ्या कोणी करायची गरज नाही.

सोमवार, १८ मार्च, दुपारच्या टपालाच्या आत.

श्यामला राव